गाईच्या वतीने चार शब्द

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो की सरळ व्हायला वेळ लागतो, म्हणून हा नमस्कार लिहूनच पोचवतोय.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि तू रोज चालत त्यांच्याकडेच जातेस, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. डॉक्टरांना बहुधा हे अभिप्रेत नसावं. कानाचं यंत्र लावतेस ना? ते डबीत ठेवून झिजत नाही हे खरं, पण डबीला ऐकू येऊन आपल्याला काय उपयोग? तुझ्या कोंबड्या मजेत असतील. लंगडी अजून अंड्यांवर खुडूक बसते का, की वयोमानाने तिनेही नाद सोडला?

मी बरा आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण सूनबाईने तुला फोन केला होता हे मला कळलंय. बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यांनी दूध सोडलं, चांगले बूट टाकून दिले आणि भर रस्त्यात आपल्याच दुकानासमोर गाय होऊन उभे राहिले, असं तिने तुला सांगितलं. सूनबाई खोटं बोलत नाही. हे सगळं खरं आहे, फक्त क्रम चुकलाय. आधी बूट गेले, मग दूध, आणि गाय सगळ्यात शेवटी. माणसाचं एखादं पाऊल घसरतं, माझी तीन घसरली, पण तीही ओळीने.

मुळापासून सांगतो. गॅसवर काही ठेवलं असशील तर आधी बंद करून ये.

आपली डेअरी तुला माहीतच आहे. मी सायकल आणि एका किटलीवर सुरू केली, चिरंजिवांनी तिला काचेची कपाटं, थंड करायची यंत्रं आणि बाहेर चमकणारी पाटी आणली. धंदा त्याच्या हातात दिल्यावर मी आपला सवयीने जाऊन गल्ल्यामागच्या स्टुलावर बसायचो. गिऱ्हाइकाने विचारलं, साय आजची आहे का, तर आजची असली की आजची सांगायचो आणि कालची असली की कालची. आयुष्यभर हेच करत आलो. पण मी बसायचो तेव्हा कालच्या सायीला उठाव मिळेना. चिरंजीव एका सकाळी म्हणाला, ‘बाबा, तुम्ही आता घरी आराम करा.’ ताई, आराम ही चीज मिळेपर्यंतच गोड लागते. मिळाल्यावर तिचं करायचं काय, हे कोणी सांगत नाही.

चिरंजीव आणि सूनबाई दुकानात, त्यामुळे घरी दिवसभर आम्ही दोघंच, मी आणि चिमणी. (नातीला घरात सगळे अजून चिमणीच म्हणतात, पण ती आता बापापेक्षा हातभर उंच झालीय. बल्ब बदलायचा झाला तर तिला स्टूल लागत नाही.) तिचं कॉलेज कॉम्प्युटरवर चालतं. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो, ती मला जगात काय चाललंय ते सांगायची आणि मी तिला जगात पूर्वी काय चालायचं ते सांगायचो. दोन्हीकडे फारसं बरं चाललेलं नव्हतं, पण जेवण छान व्हायचं. अशात तिने त्या कॉम्प्युटरवर गोठ्यांबद्दल काहीतरी पाहिलं आणि व्हीगन झाली. म्हणजे मांस-मच्छी, अंडी, दूध, दही, लोणी, मध, लोकर, चामडं, सगळं बंद. न्हाव्याच्या घरात पोरांनी दाढ्या वाढवाव्यात, तसं आमचं झालं. तरी चिरंजीव हे खपवून घेत होता. पण ज्यांच्या कारखान्यातून आपल्या दुकानात दूध येतं ते मोठे साहेब एकदा जेवायला आले आणि कौतुकाने चिमणीला म्हणाले, ‘काय बेटा, रोज दूध पितेस ना?’ चिमणी म्हणाली, ‘काका, माझे दुधाचे दात पडून बरीच वर्षं झाली.’ साहेब हसले. चिरंजीव हसला नाही. साहेब गेल्यावर तो म्हणाला, ‘मग यापुढे कॉलेजची फी वासराकडून घे.’ चिमणीने बॅग भरली, उशी काखेत मारली आणि मैत्रिणींच्या खोलीवर राहायला गेली. बापाला वाटलं संध्याकाळी येईल. पोरीला वाटलं बाप न्यायला येईल. दोघेही माझ्यावर गेलेत. आपण नाही का एकदा एका चमच्यावरून दोन वर्षं बोललो नव्हतो?

आता खरी अडचण ऐक. चिमणी गेली आणि दिवसभर घरात मी एकटा उरलो. त्यात मी एकदा चहाचं आधण ठेवून बाल्कनीत डोळा लावला. चहा आटला, भांडं जळलं, शेजारीण धावत आली. भांडं जुनंच होतं, पण गोष्ट नवी झाली. त्या दिवसापासून चिरंजीव आणि सूनबाई पलीकडच्या खोलीत हळू आवाजात बोलू लागले. मग टेबलावर एक रंगीत पत्रक आलं. गावाबाहेर म्हाताऱ्यांसाठी निवास आहे. पत्रकावर चार म्हातारे बाकावर बसून खदाखदा हसतायत. (कशाला ते दिलेलं नाही.) चिरंजीव मला म्हणाला, ‘बाबा, चिमणी परत आली तर प्रश्नच नाही. पण नाहीच आली, तर तुम्हाला दिवसभर एकटं ठेवायचा धीर होत नाही.’ त्याचंही चुकत नव्हतं. थोडक्यात, चिमणी घरी तर मी घरी; चिमणी बाहेर तर मीही बाहेर. हे तिला कळता कामा नये असं त्याने बजावलं, आणि मलाही ते पटलं. आजोबांच्या कळवळ्याने आलेली पोर आजोबांपुरतीच येते. बापाशी तिचं वाकडं ते वाकडंच राहतं. तिला समजूत घालून आणावी म्हणून मी द्राक्षं घेतली, ठेवणीतले बूट घातले, शेजारणीला हाक मारून दाराची बाहेरची कडी काढायला लावली आणि निघालो. आता द्राक्षांचं काय झालं ते विचारू नकोस, ती पहिल्या पाच मिनिटांतच सभेची झाली.

हो, सभा. चिमणी राहते ती खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे, अरुंद लाकडी जिना चढून जावं लागतं. मी पोचलो तेव्हा वर प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मंडळींची बैठक चालू होती. दारात एक चष्मेवाली मुलगी उभी. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि दुखवट्याला आल्यासारखी म्हणाली, ‘हे कोण होते?’ मी म्हटलं, बूट माझेच आहेत. ती म्हणाली, तसं नाही, हे आधी कोण होते? ताई, मी ते बूट इतकी वर्षं वापरतोय, पण असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी ते काढले. तिने ते बाहेर भिंतीकडे तोंड करून ठेवले. मग तिची नजर माझ्या पट्ट्यावर गेली. पट्टाही चामड्याचा. तोही काढला. तेव्हा लक्षात आलं की ही पँट मी जाड होतो त्या काळातली आहे. अशा रीतीने एका हातात द्राक्षं आणि एका हातात पँट धरून मी प्राण्यांच्या चळवळीत प्रवेश केला.

आत सगळी तरुण मुलं सतरंजीवर बसलेली. मधोमध एकच खुर्ची, तीही मऊ उशीवाली, आणि रिकामी. मला वाटलं, वडीलधारं माणूस येणार म्हणून मांडली असेल. (माझ्या वयाच्या कोणालाही हेच वाटलं असतं, आणि पँट धरून सतरंजीवर बसून बघ, म्हणजे कळेल.) मी बसलो. सगळे माझ्याकडे वळून मांडी सावरून बसले. त्यांच्यात एक दाढीवाला आहे, तो सभा चालवतो. डॉक्टर दात उपटायच्या आधी ज्या आवाजात बोलतो, तसा त्याचा आवाज कायमचाच आहे. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, ‘सांगा. तुम्हाला कसं वाटतंय? सावकाश. इथे तुम्हाला कोणी घाई करणार नाही.’

ताई, तुझी भावजय गेल्यापासून मला हे कोणी विचारलेलं नाही. औषध घेतलं का, जेवलात का, पंखा बंद केला का, हे विचारतात. पण कसं वाटतंय हे विचारून वर थांबायचं, म्हणजे फारच झालं. मी म्हटलं, विचारताय म्हणून सांगतो. जन्मभर पहाटे उठायची सवय आहे, अजून जाग येते, पण आता उठून करायचं काही नसतं. देत होतो तोवर सगळ्यांची धावपळ माझ्याभोवती होती. आटलो, तसं एका कोपऱ्यात आलो. मारत कोणी नाही, खायला वेळेवर घालतात, जागा स्वच्छ ठेवतात. डॉक्टर येतो तो माझे दात बघतो आणि तब्येत कशी आहे ते दुसऱ्याला सांगतो. बाहेर पडलो तर रस्त्यात जाईन म्हणून दाराला बाहेरून कडी असते. एक पिल्लू होतं, त्याच्याशी बोलण्यात दिवस जायचा, तेही गेलं. ते इथे आहे असं कळलं म्हणून जिना चढून आलो.

एवढं बोलून मी चष्मा पुसला आणि बघतो तर सगळी सभा रडते आहे. दाढीवाल्याची दाढी ओली झालेली. चिमणी आतून चहाचे कप घेऊन आली होती, ती दारातच उभी राहून मुसमुसत होती. मग सगळ्यांनी दोन्ही हात वर करून बोटं हलवायला सुरुवात केली. मला वाटलं, डास झालेत. पुढे कळलं की टाळ्या वाजवल्या तर प्राणी बुजतात म्हणून त्यांच्याकडे अशा मुक्या टाळ्या असतात. (त्या खोलीत प्राणी एकच होता, आणि तो म्हणजे मी, हेही तेव्हाच कळलं.) ताई, ती खुर्ची पाहुण्यांची नव्हतीच. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी दर सभेत एक खुर्ची ठेवतात. ज्याला आतून वाटेल त्याने तिच्यावर बसायचं आणि एखाद्या प्राण्याच्या वतीने बोलायचं. माझ्याआधी एक मुलगा मासा झाला होता, पण तो कोणाला पटला नव्हता. मी मात्र त्यांच्या आजवरच्या सगळ्या गाईंत उत्तम गाय ठरलो.

आता तूच सांग, मी खुलासा कसा करणार? चिमणी येऊन गळ्यात पडली, म्हणाली, ‘आजोबा, जन्मभर दूध विकून तुम्हाला गाईचं मन इतकं कळतं, हे मला माहीतच नव्हतं!’ त्या पोरीच्या तोंडावरचा आनंद पाहिला आणि गाय गिळून गप्प बसलो. शिवाय खोटं तरी काय बोललो होतो? दाढीवाल्याने तिथेच मला सभासद करून घेतलं. आणायला गेलो होतो एकीला, तिथे दोघे झालो.

त्यानंतर बूट तिथेच टाकून आलो आणि व्हीगन झालो, म्हणजे व्हावंच लागलं. सूनबाईला वाटतं की मी हाल सोसतोय. तसं काही नाही. तुला एक गोष्ट सांगतो, ती आपल्यातच ठेव: मला दूध कधीच आवडलं नव्हतं. चव बघायला घोट घ्यायचो तेवढाच. दूधवाल्याने बिनदुधाचा चहा प्यायला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, म्हणून जन्मभर दुधाचा प्यायलो. आता उघडपणे कोरा चहा पितो आणि वर लोक माझ्या त्यागाचं कौतुक करतात. ही मुलं ओटचं दूध करतात, ते मात्र मी पहिल्याच घोटाला सांगितलं की पातळ आहे. नंतर त्यांच्या बदामाच्या दुधात पाणी आहे असं म्हणालो, तेव्हा चष्मेवाली म्हणाली, आजोबा, ते बदाम आणि पाणी यांचंच असतं. म्हटलं, आमच्या वेळी असा कबुलीजबाब देणाऱ्याचं दुकान चाललं नसतं.

एकदाच माझ्या हातून मोठा घोटाळा झाला. दाढीवाला मुंग्यांबद्दल फार कळवळून बोलत होता आणि त्याच्या कपाळावर डास बसला. माझा हात मला न विचारता उठला. चटका बसल्यासारखी सगळी उठून उभी राहिली. डासाच्या बाबतीत आता काही करण्यासारखं नव्हतं. त्यावर वेगळी बैठक झाली. माझ्या वयाचा विचार करून मला माफी देण्यात आली, पण दाढीवाला तेव्हापासून माझ्या शेजारी बसत नाही. दरम्यान मी चिमणीला रोज हळूच म्हणायचो, घरी चल, बापाशी बोल. ती म्हणायची, आधी त्यांनी बोलायचं. घरी येऊन चिरंजिवाला म्हणायचो, तिला एक फोन कर. तो म्हणायचा, आधी तिने करायचा. आणि टेबलावरचं पत्रक रोज थोडं थोडं माझ्या ताटाकडे सरकत होतं.

शेवटी सभेने ठरवलं की एखाद्या डेअरीसमोर शांततेने उभं राहून लोकांना चार गोष्टी सांगायच्या. कुठल्या डेअरीसमोर, यावर चिमणीने हात वर केला आणि आपल्याच दुकानाचं नाव घेतलं. मी विरोध केला असता, पण त्यांच्यात विरोध करायला दोन्ही हातांची छातीवर फुली करावी लागते, आणि माझा नवा कापडी पट्टा यायचा होता, त्यामुळे एक हात अजून पँटीत अडकलेला. ठराव एकमताने मंजूर झाला. वर असंही ठरलं की गाईचा पोशाख करून गाईनेच बोलावं, आणि उत्तम गाय तर सभेत हजरच होती.

पोशाख चष्मेवालीने चादरी शिवून केला. डोकं पुठ्ठ्याचं, शिंगं छान. कास म्हणून तिने भांडी घासायचा गुलाबी रबरी हातमोजा फुगवून पोटाला लावला होता, तोही पुढे, जिथे माणसाला बेंबी असते तिथे. ताई, मी जन्मभर गप्प बसलो असतो, पण यावर बसवेना. म्हटलं, एक तर कास मागच्या पायांच्या मधे असते, आणि दुसरं म्हणजे गाईला सड चार असतात, या मोज्याला पाच बोटं आहेत. यावर बराच वेळ चर्चा झाली. एक बोट कापावं असं मी सुचवलं, तर दाढीवाल्याला कापणं या शब्दाचाच त्रास झाला. शेवटी अंगठा आत दुमडून वर चिकटपट्टी लावली आणि गाय रस्त्यावर आली.

त्या सकाळी दुकानात गर्दी होती. मुलं फलक घेऊन रांगेत उभी राहिली, चिमणी सगळ्यात टोकाला, बापाकडे न बघता. बाप काउंटरमागे हाताची घडी घालून, पोरीकडे न बघता. मधे मी. डोक्यातली भोकं माझ्या डोळ्यांसमोर न येता कपाळावर आली होती, त्यामुळे मला फक्त आपल्या पाटीचा वरचा अर्धा भाग दिसत होता, म्हणून मी कुठे आहे ते कळलं. (बाकीचं चिमणीने नंतर सांगितलं.) पट्टा तोवर आला होता, म्हणून दाढीवाल्याने एका हातात भोंगा दिला आणि दुसऱ्या हातात भाषणाचा कागद. आत काळोख, चष्मा खिशात, खिसा चादरीखाली. कागद मी तसाच धरला आणि मनातलं बोललो.

म्हटलं, मी म्हातारी गाय आहे. या दुकानाची भरभराट व्हावी म्हणून मीही थोडं दिलंय. माझी कोणाबद्दल तक्रार नाही. पण मला ऐकू येत नाही असं समजून पलीकडच्या खोलीत माझ्याबद्दल बोलतात, ते सगळं ऐकू येतं. तिथे हवा चांगली आहे म्हणतात, तिथे तिच्याच वयाच्या आहेत म्हणतात, करमेल तिला म्हणतात. खरंच करमेलही. पण तिला काय वाटतं, हे विचारायला दोन पावलं चालत या खोलीत कोणी येत नाही. येत नाहीत ते वाईट म्हणून नव्हे. विचारलं आणि तिने नाही म्हटलं तर काय करायचं, या भीतीने येत नाहीत.

मुक्या टाळ्या पडल्या असाव्यात, कारण काहीच ऐकू आलं नाही. चिरंजीव तसाच उभा. भोंग्यात सगळ्यांचा आवाज पत्र्यासारखा येतो, त्यामुळे त्याने ओळखलं नाही. तेवढ्यात आपल्या जुन्या गिऱ्हाईक शिक्षिकाबाई आल्या. गोंधळाकडे लक्ष न देता त्यांनी काउंटरवर पिशवी ठेवून विचारलं, ‘साय आजची आहे का?’ चिरंजीव म्हणाला, ‘आजचीच, मॅडम.’ आणि ताई, साय उरल्याचं मी आदल्या रात्री पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं, माझी तपश्चर्या तिथे भंगली. भोंगा तोंडाशीच होता. मी म्हटलं, ‘कालची आहे. उद्या या.’

सगळा रस्ता थांबला. शिक्षिकाबाई गाईकडे वळून म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत, काका. बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत?’ (त्यांना त्या पोशाखात काही वावगं वाटलं नाही. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला कशाचंच वाटत नाही.) चिरंजीव काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि मान खाली घालून समोर उभा राहिला. मला त्याचे फक्त केस दिसत होते. मागच्या बाजूने विरळ झालेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.  तो हळूच म्हणाला, ‘बाबा, आत्ता जे बोललात, ते गाईचं होतं ना?’

मी म्हटलं, ‘गाईचंच रे. पण गाय आपली घरचीच.’

त्यावर चिमणी रांग सोडून आली. ‘म्हणजे? आजोबांना कुठे पाठवताय तुम्ही?’ तिने बापाला विचारलं. कित्येक दिवसांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तो म्हणाला, ‘तू उशी घेऊन निघून गेलीस, तेव्हा हे नाही सुचलं?’ ती म्हणाली, ‘मला सांगायला फोन नव्हता?’ तो म्हणाला, ‘तुला उचलायला हात नव्हता?’ ती म्हणाली, ‘बाहेरून कडी लावता त्यांना?’ तो म्हणाला, ‘मांजर येतं म्हणून लावतो!’ ती म्हणाली, ‘मग मांजराला सांगा ना!’ अशी दोघं भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर, घसा फाडून भांडायला लागली. दाढीवाला मधे पडून म्हणाला, एकेकाने बोला, ज्याला बोलायचंय त्याने तर्जनी वर करा. सूनबाई दुकानातून बाहेर येऊन त्याला म्हणाली, ‘भाऊ, तुम्ही जरा बाजूला उभे राहा, आमच्या घरचं बोलणं चाललंय.’ मी आत घामाने भिजलो होतो, अंगठा सुटून पाचवा सड बाहेर आला होता, शिंग कलंडलं होतं. पण खरं सांगू का ताई, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. अबोल्यापेक्षा भांडण केव्हाही चांगलं. भांडायला निदान समोरासमोर उभं राहावं लागतं.

चिमणी त्याच संध्याकाळी उशीसकट घरी आली. येताना सभाही घेऊन आली. आता बैठका आपल्या पुढच्या खोलीत होतात. चिरंजिवाने व्हीगन व्हायला साफ नकार दिलाय, पण सभेला तो दारात उभा राहून फिरक्या घेतो आणि पोरगी त्याला सुनावते. एकंदर दोघांचं उत्तम चाललंय. फ्रीजमधे चिकटपट्टी लावून दोन देश झालेत. सूनबाई म्हणते, दूधवाल्यांचीही भांडी मीच घासते आणि दुधाचा निषेध करणाऱ्यांचीही, तेव्हा आधी माझ्या हक्कांची सभा घ्या. तिचा हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. मी तिची भांडी विसळून देतो. दाराची कडी काढलीय. मांजर येतं.

तर हे असं आहे. माझ्या डोक्यावर परिणाम झालेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. पाय जपून टाक. तुला पुन्हा एकदा नमस्कार, आणि कोंबड्यांनाही (पूर्वी आशीर्वाद लिहिला असता, पण आता आम्ही बरोबरीचे) नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. सभेत बोलता बोलता माझ्या तोंडून तुझ्या कोंबड्यांचा विषय निघाला. तू त्यांची अंडी खातेस हे मी सांगितलं नाही, पण तुला ती कशी केलेली आवडतात ते सांगितलं, त्यावरून त्यांनी ओळखलं. रविवारी सगळे तुझ्या दारात येणार आहेत. त्यांना घेऊन चिरंजीव दुधाच्या गाडीतून येतोय, कारण दुसऱ्या कुठल्या गाडीत गाईचं डोकं मावत नाही. घाबरू नकोस, फक्त भोंगा चालू झाला की कानाचं यंत्र काढून ठेव. मुलं चांगली आहेत. जेवतीलही.

ता. क. आणखी एक. दाढीवाला तुला कसं वाटतंय असं विचारील. विचारलं तर खरं सांग. तू कोणालाच सांगत नाहीस. मला ‘ठीक’ असं लिहितेस आणि अक्षर थरथरतं.

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. त्या निवासात चिरंजिवाने माझ्या नावाने धरून ठेवलेली खोली अजून कोणाला दिलेली नाही. गेल्या आठवड्यात बागेत फिरायला जातो असं सांगून मी एकटाच जाऊन बघून आलो. खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेला आहे. पहाटे जाग आली तर काहीतरी बघायला आहे. पत्रकावरच्या चौघांपैकी एक भेटला. बुद्धिबळात चोऱ्या करतो. त्याला रंगेहाथ पकडणारं तिथे कोणी नाही. शेजारची खोलीही रिकामी आहे, आणि तिला पायऱ्या नाहीत, हे सहज तुझ्या गुडघ्यासाठी लिहिलं. इकडे चिरंजीव आणि चिमणी, दोघांनी मिळून ठरवलंय की बाबांना कुठेही पाठवायचं नाही. किती प्रेमाने ठरवलं म्हणून सांगू! पलीकडच्या खोलीत बसून, हळू आवाजात. उद्या माझ्या खोलीत नवा पलंग बसवायला सुतार येतोय, भिंतींची मापं तो आधीच घेऊन गेलाय. तेव्हा ताई, घरात तुझं एकटीचंच ऐकतात, तू त्यांना फोन करून एवढंच सांग की बाबांना विचारा. मी काय उत्तर देईन ते मला अजून माहीत नाही. कोणी विचारलं तर विचार करायला बसेन.